जाळीतलं जनावर

१४ जानेवारी १९४५

आज सकाळी मी चाप ओढला आणि त्या क्षणी माझं सगळं आयुष्य बदललं! म्हणजे बदलायला हवं होतं. कृष्णातनं ते माझ्या हातातून ओरबाडून घेतलं.

नीट लिहितो. डोकं तापलंय.

धोंडुबाईला गवत कापताना ज्यानं मारलं तोच हा बिबळ्या. म्हातारीचं अर्धंच अंग ओढ्यात सापडलं होतं. आज दोन्ही वाड्यांनी मिळून रान उठवलं. पत्र्याचे डबे, हलग्या, कुत्री. हाकारा डोंगरावरून खाली येत होता आणि आम्ही बंदूकवाले ओढ्याकाठी बसलो होतो. मी करवंदीच्या जाळीसमोर, नानासोकाकांची ठासणीची बंदूक घेऊन. माझ्या उजवीकडं कृष्णात. त्याच्याकडं त्याच्या मामांची, म्हणजे लालासाहेबांची दुनळी.

गवत हललं. पाचोळासुद्धा वाजला नाही. समोर एकदम ते पिवळं अंग. कुत्र्यांपुढं धावत होता तरी माझ्याकडं बघून थांबला. मी चाप ओढला. कृष्णातचा बारही त्याच घडीला झाला. पण मी बघितलं ना! माझ्या गोळीनं त्याचं मागलं अंग आडवं फेकलं. कृष्णातच्या छर्‍यांनी वरची फांदी झोडपली, पानं खाली पडताना मी पाहिली. बिबळ्या लोळला, आपल्याच मांडीला कडाकडा चावला. लालासाहेबांची कुत्री अंगावर गेली, तिला त्यानं एका पंजात उभी फाडली. मग लोंबता पाय ओढत जाळीत शिरला.

आमच्याकडं रीत आहे. लालासाहेब रक्तानं माखलेलं पान उचलतात आणि विचारतात, "कुणाची?" ज्याची गोळी, त्याच्या पटक्यात ते पान खोवतात. जनावर त्याचं. कातडं त्याचं, नाव त्याचं. जखमी होऊन लपलं असेल तर आत पहिलं पाऊलही त्याचंच.

"माझी!" मी ओरडलो.

कृष्णातनं आधी माझ्या हातांकडं बघितलं. मग लालासाहेबांकडं. शांतपणे म्हणाला, "मामा, माजी हाय."

"खोटं! तुझे छर्रे झाडात गेले!"

"गप रं जोत्या. कालिजात नेम शिकवत्यात व्हय?"

सगळे हसले. मी बंदूक फेकली आणि त्याच्या नरड्याला हात घातला. दोघं दगडांवर पडलो. त्याचा ओठ फुटला, माझं कोपर सोललं. नानासोकाकांनी मला केसाला धरून ओढलं. म्हणाले, "आरं, शिकार हाय का कुस्ती?"

लालासाहेबांनी पान कृष्णातच्या पटक्यात खोवलं. फौजेतला गडी, इटलीत लढून रजेवर आलेला. त्याचाच शब्द खरा! परीक्षा सोडून पळून आलेल्याचा कोण धरतो?

होय, पळून आलो. सांगलीत हळदीच्या वखारीवरल्या खोलीत पुस्तक उघडं टाकून आलो. दिवाळीनंतर कळलं होतं, लालासाहेबांच्या विजयमालाची सुपारी फुटली. आतेभावाशीच, या कृष्णातशी. मामाची पोरगी म्हणजे त्याचा हक्कच जणू! मी आजवर तिच्याशी बोललो किती? ओढ्यावर एकदा तिनं हंडा उचलून द्यायला सांगितलं. एकदा मी झाडावरून पडलो तेव्हा हसली. मला तेवढं पुरलं.

लालासाहेब म्हणाले होते, पोरगी मर्दाला द्यायची. आज त्यांना मर्द दिसला असता!

जखमी जनावराला रातभर आखडू द्यायचं म्हणे. उद्या उन्हं चढली की आत जाणार.

१५ जानेवारी

कृष्णात जाळीत गेला तेव्हा मी वरच्या कातळावर बसलो होतो. मनात एकच वाक्य. फाड त्याला.

लिहून टाकलं. आता खोडणार नाही.

जाळी काटेरी, आत वाकून शिरावं लागतं. तो गुडघ्यांवर गेला, बंदूक पुढं. पाठीमागं लालासाहेब, भाला घेऊन. बाकीच्यांना त्यानं आत येऊच दिलं नाही. पटक्यातलं पान वाळून काळं पडलेलं. जाताना त्यानं कातळाकडं बघितलं. मी तोंड फिरवलं.

बराच वेळ काही नाही. नुसत्या माश्या.

मग खोकल्यासारखा आवाज, एक बार आणि माणसाची किंकाळी! अख्खी जाळी हलू लागली. बिबळ्या त्याच्या तोंडावर बसला होता. एक पंजा डोक्यात, दात खांद्यात, आणि चांगल्या मागल्या पायानं पोट खरवडत होता. लालासाहेबांनी भाला खुपसला, तो बरगडीवर घसरला. त्यांनी रिकाम्या हातांनी बिबळ्याचं शेपूट धरून ओढलं. साठीचा माणूस! बिबळ्या वळला, त्यांच्या मनगटाला ओरबाडलं आणि काट्यांतून निसटून वरच्या घळीत गेला.

कृष्णातला घोंगडीत घालून बाहेर आणला. डोक्याची कातडी टोपीसारखी मागं सरकलेली. एक डोळा नव्हता. पोटावर विजयमालाच्या आत्यानं, म्हणजे त्याच्या आईनं, पदर दाबून धरला. पदर लगेच भिजला.

मी कातळावरून उतरलोच नाही.

१६ जानेवारी

वाईट वाटत नाही. वाटायला हवं. नाही वाटत!

१८ जानेवारी

बिबळ्याची नखं म्हणजे विषच. कृष्णातचं अंग सुजलंय, जखमांना वास सुटलाय. कराडहून डॉक्टर आणला होता. त्यानं औषधाच्या पाण्यानं धुतलं आणि मिरजेला न्या म्हणाला. बैलगाडीत घातला तर वेशीवरच इतका ओरडला की माघारी आणला.

आज त्याच्या घरी गेलो. कशाला, ते खरं लिहितो. कबूल करून घ्यायला. मरायच्या आधी त्यानं म्हणावं की गोळी जोतीरामची.

विजयमाला उशाशी होती. माश्या हाकत होती. मला बघून तिचा हात थांबला नाही.

मी म्हणालो, "कृष्णात, कुणाची गोळी?"

ती उठली. मला वाटलं पाणी देईल. तिनं माझ्या कानाखाली अशी वाजवली की दाराची चौकट धरावी लागली.

"भाईर हो."

"मला खरं—"

"भाईर हो म्हंते न्हवं! माणूस जळतुया हितं आन् तुला गोळी मोजायचीया?"

कृष्णात फुटक्या ओठांनी काही पुटपुटला. मला ऐकू आलं नाही. तिला आलं. ती त्याच्यावर वाकली आणि रडायला लागली.

घरी आलो. गोठ्याच्या खांबावर मुठी आपटल्या. रक्त आलं तेव्हा थांबलो. नानासोकाका लांबून बघत होते. एवढंच बोलले, "खांब आपलाच हाय, लेका."

१९ जानेवारी

बिबळ्यानं वरच्या वाडीतलं वासरू मारलं. तीनच पायांवर! लालासाहेब मनगटाला फडकं बांधून म्हणतात, आता मीच जाणार. त्या हातात पाण्याचा तांब्या धरवत नाही.

तीन पायांवरच्या जनावराला पळती शिकार मिळत नाही. आता ते माणसांकडंच येणार.

२१ जानेवारी

कृष्णात परवा रात्री गेला.

आत्ता विजयमाला अंगणात आली होती. पायरी चढली नाही. तिथूनच बोलली. जसंच्या तसं लिहितो.

"गोळी तुजीच हुती. त्येंनी त्याच सांजंला मला सांगितलं."

"मग माझी म्हणाला कशाला?"

"तुजं हात लटलटत हुतं म्हनं. दुसरी गोळी ठासाय बी आली नसती तुला. पान तुज्या डोक्याला लागलं असतं तर तुलाच जाळीत जावं लागलं असतं."

मी पायरीवरच बसलो.

"मीच म्हनलं हुतं त्येंस्नी. हाकार्‍याच्या आदल्या दिशी. जोती लय तापट हाय, त्येला संबाळून घ्या." मग म्हणाली, "तू माजा कोन, त्ये इचारलं सुदिक न्हाई त्येंनी."

गेली. मागं वळली नाही.

लालासाहेब दुपारी घळीत जाणार आहेत. घरातले सगळे नदीवर गेलेत, राख सावडायला. बंदूक ठासली. ठासताना दारू दोनदा सांडली. काकांचा कोयताही घेतला.

जनावर माझं आहे.

निघतो. दार बाहेरून ओढून घेतो.