दुरुस्त्यांसह मंजूर

४ मार्च, शनिवार

परत आलं! तिसऱ्यांदा. या एजंटनं निदान दोन ओळी तरी लिहिल्यात — "आपली कादंबरी आमच्या यादीत बसत नाही." यादी कसली? वाण्याची?

ताईनं विचारलं, काय म्हणतात? म्हटलं, बसत नाही म्हणतात. "मग उभी राहू दे," म्हणाली आणि परत भाजी निवडायला लागली. तिच्यावरच लिहिलेली कादंबरी, आणि तिला काही म्हणजे काही वाटत नाही! मी मात्र दुपारभर तोंड पाडून बसले.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली तिनं. कानाला हेडफोन, समोर बोर्ड. जगाची बोलणी जोडून दिली, स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. आई-वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. माझी शाळा, माझा चष्मा, माझी आजारपणं — सगळं त्या बोर्डावरून. ते सगळं लिहिलंय. चार वर्षं लागली. नाव दिलंय "थांबा, जोडून देते". ताईनं वाचली आणि दोन दिवसांनी म्हणाली, "छापून आण. वर तुझं नाव दिसू दे ठळक. एक्स्चेंजच्या बायकांना दाखवायचंय मला, हे माझ्या धाकटीनं लिहिलंय."

आजवर तिनं माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. हे पहिलंच.

११ मार्च

एजंट म्हटलं की आपल्याला विम्याचा, नाहीतर जागांचा. पुस्तकांचाही असतो हे मला पन्नाशीत कळलं. तेही प्रेसमध्ये बावीस वर्षं प्रुफं तपासून! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चांगला प्रकाशक दारात उभं करत नाही, एजंटमार्फत या म्हणतो. एजंट म्हणतो, आधी काही छापलंय का? म्हणजे पोहायला शिकल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही!

१३ मार्च

एक एजंट लगेच हो म्हणाला. इतका लगेच की मीच दचकले. "वाचनशुल्क" आधी भरा म्हणे. वाचायचे पैसे! मग मला बावीस वर्षांचे किती झाले?

नाही भरले. लेखकांच्या एका मंडळाची माहिती वाचली होती, त्यात स्पष्ट लिहिलंय: लेखकाकडे पैसे मागतो तो एजंट नव्हे, प्रकाशकही नव्हे. वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं — पैसे मागतो तो ठग. मला फसवणं एवढं सोपं नाही.

२० मार्च, सोमवार

एका एजंटबाईंचं पत्र. पहिली तीन प्रकरणं पाठवा, वाचायला सहा ते आठ आठवडे लागतील. पैशांचा शब्द नाही. "मी सावकाश वाचते, त्याबद्दल आधीच क्षमा मागते," असं लिहिलंय. बरं वाटलं. पाठवली.

आठ आठवडे!

६ एप्रिल

काही नाही.

१४ एप्रिल

काही नाही. ताई रोज विचारते. मग मी तिच्यावरच खेकसते. मग वाईट वाटतं. मग चहा करते.

२१ एप्रिल, शुक्रवार

आज प्रेसमध्ये अत्तरवाले आले होते. आमच्या मालकांचे जुने गिऱ्हाईक, प्रकाशक. खोलीत शिरण्याआधी त्यांचा वास शिरतो. त्यांची पुस्तकं आमच्याकडेच छापतात, प्रुफं माझ्याच टेबलावर येतात. लेखक एकेक नमुनेदार. कुणी डॉक्टर, कुणी क्लासवाला, एक तर बिल्डर! सिमेंटमध्ये जन्म गेलेल्या माणसानं इतकं हळुवार लिहावं याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

मालक सहज म्हणाले, आमच्या बाईंनीपण कादंबरी लिहिलीय. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. अत्तरवाले मात्र खुर्ची ओढून बसले. "अहो मॅडम, काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतकी वर्षं आमच्या चुका काढताय आणि स्वतःचं लपवून ठेवलंत?"

पूर्ण बाड मागितलं. दिलं.

२८ एप्रिल

फोन. "मॅडम, रडवलंत हो." मग म्हणाले, "आपण करतोय हे पुस्तक."

मी विचारलं, मला काय भरावं लागेल? "तुम्ही? एक पैसासुद्धा नाही! लेखकाकडून पैसे घेणारे आम्ही नव्हेत."

पुठ्ठ्यावरची ओळ बघितली. एक पैसा नाही म्हणजे खरा प्रकाशक. ताईला सांगितलं तर तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली कांद्यानं. कांदा कुठेच नव्हता.

एजंटबाईंना कळवायला हवं का? कशाला. त्यांनी अजून पहिलं पानसुद्धा उघडलं नसेल.

२ मे, मंगळवार

करार आला! नऊ पानं. काय तो मजकूर — टायपिंग कुणी केलंय देव जाणे. ताई म्हणाली, मोठ्यानं वाच, दोघी मिळून ऐकू. म्हटलं, अगं, बावीस वर्षं मी वाचायचंच काम करतेय!

ताईची पट्टी घेतली, लाल पेन घेतलं, बसले. पट्टी ओळीखाली, ओळ संपली की पट्टी खाली. आमचे जुने हेड प्रूफरीडर पहिल्या दिवशी म्हणाले होते, "अर्थात शिरलीस की चूक सुटली. गोष्ट वाचायला लोक आहेत, तू अक्षरं वाच." ती सवय हाडीमांसी खिळलीय.

एकसष्ट चुका काढल्या! "प्रकाशक" दोन ठिकाणी "प्रकाश" झालेला. अकराव्या कलमात तर एका परिच्छेदात सात. समासात सगळ्या दुरुस्त्या केल्या, प्रेसच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक पानाखाली "तपासले" लिहून सही. मग शेवटच्या पानावर खरी सही.

अत्तरवाल्यांनी पानं उलटून बघितली आणि हसायलाच लागले. "इतकं बारीक आमचा करार आजवर कुणी वाचला नाही हो!" मी म्हटलं, परत टाइप करून घ्या. "छे, कशाला? असाच राहू द्या. दुरुस्त्यांसह मंजूर!"

घरी येताना फुलं आणली. उगीचच.

२५ मे, गुरुवार

एजंटबाईंचं पत्र.

तीन प्रकरणं वाचली, पुन्हा वाचली. बाकीचं ताबडतोब पाठवा. कुठल्या प्रकाशकाकडे न्यायचं हे त्यांच्या डोक्यात आहे — ज्यांचं नाव लिहायचीसुद्धा मला भीती वाटते, असं मोठं नाव. शेवटची ओळ: "दुसऱ्या कुणाशी करार झाला नाहीये ना?"

सही केली तेव्हा सहाच आठवडे झाले होते! सहा आणि एक दिवस! मला धीर धरवला नाही. आंधळा मागतो एक डोळा — मला दोन दोन मिळत होते आणि मी...

करार घेऊन उद्या त्यांनाच भेटते. मोडता येत असेल. करार मोडतातच की लोक.

२६ मे

एजंटबाईंची खोली लहान. पुस्तकं खुर्चीवरसुद्धा, ती उचलून मला बसवलं. वयानं माझ्याएवढ्याच, केस पांढरे, बोलणं हळू. करार हातात दिला. मला वाटलं लाल दुरुस्त्या बघून कौतुक करतील. इतकी मी मूर्ख.

अकरावं कलम त्यांनी मोठ्यानं वाचलं. मी पहिल्यांदाच ऐकलं. मी! सात चुका काढलेलं कलम!

लेखनाचे सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे. ते कुणालाही विकता येतील. मजकुरात हवे ते बदल करता येतील. लेखक म्हणून कुणाचं नाव घालायचं, हे प्रकाशक ठरवील. लेखिकेची त्याला हरकत नाही.

"हे वाचलं होतंत तुम्ही?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हटलं, वाचलं. अर्थ नाही वाचला.

त्यांनी पानं जुळवून करार मला परत दिला. मग म्हणाल्या, "माझे हात बांधलेत. हा कागद असताना कुठलाही प्रकाशक हात लावणार नाही. त्यांच्याकडून लेखी सुटका आणा, मी थांबते." मी उठले तेव्हा म्हणाल्या, "आणि दुसरं काही लिहीत असाल तर —"

दुसरं! दुसरी ताई कुठून आणू?

२९ मे, सोमवार

अत्तरवाल्यांकडे गेले. थंड पाणी दिलं, बिस्किटं दिली. सगळं ऐकून घेतलं. "अहो मॅडम, ती नुसती कायद्याची भाषा! सगळ्यांच्याच करारात असते. मनावर घेऊ नका."

मग सोडा ना मला, म्हटलं.

"ते कसं जमेल?" तोच मऊ आवाज. "आम्ही कामाला लागलोय."

मग नाव माझंच घालणार असं लिहून द्या. यावर हसले. "विश्वास नाही का आमच्यावर?" दाराशी सोडायला आले, जिन्यापर्यंत. मधाचं बोट अजून माझ्या ओठाला होतं, मी धन्यवादसुद्धा म्हणाले!

१ जून

खालच्या मजल्यावरच्या वकिलांना दाखवलं. भला माणूस. चष्मा कपाळावर चढवून पानं बघत होते. म्हटलं, मी न वाचता सही केली असं सांगता येईल ना? भोळी बाई, फसवलं, वगैरे?

"वहिनी..." ते मला वहिनी का म्हणतात कोण जाणे, माझं लग्न झालेलं नाही. "वहिनी, न वाचता सही करणारी माणसं रोज येतात. त्यांच्यासाठी काहीतरी धडपड करता येते. तुम्ही तर नऊच्या नऊ पानांवर स्वतःच्या हातानं लिहिलंय, तपासले. अकराव्या कलमात सात ठिकाणी लाल शाई. कुठलं कोर्ट मानेल तुम्ही वाचलं नाही म्हणून?"

हात दाखवून अवलक्षण! नुसती सही ठोकली असती तर निदान अडाणी ठरले असते.

फी घेतली नाही. ते जास्त लागलं.

२ जून

ताईला सांगितलं नाही.

११ जून, रविवार

एक्स्चेंजच्या दोघी जणी आल्या होत्या, ताईच्या मैत्रिणी. ताईनं सांगून ठेवलंय सगळ्यांना! "हिचं पुस्तक येतंय बरं का." एकीनं विचारलं, आम्ही आहोत का त्यात? ताई म्हणाली, "सगळ्या आहात. तुझं घोरणंसुद्धा." केवढ्या हसल्या तिघी. मी पाणी आणायला आत गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.

१९ जून

अत्तरवाल्यांना चौथं पत्र. उत्तर नाही. फोन केला की त्यांची मुलगी उचलते: पप्पा मीटिंगमध्ये आहेत.

मालकांना म्हटलं, तुम्ही एक शब्द टाकून बघा. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, वर्षाला चाळीस पुस्तकं देतात ते आपल्याला." माझा पगारही त्यातूनच निघतो.

८ जुलै

आज ताईला सांगितलं. सगळं. अकरावं कलम पाठच झालंय, म्हणून दाखवलं.

वाटलं होतं रागावेल. मी म्हणाले होते ना मोठ्यानं वाच, असं म्हणेल. हक्क होता तिचा. तसलं काही झालं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून बसली, मी नऊ वर्षांची असताना बसायची तशी. मग म्हणाली, "छापून तर येईल ना?"

येईल.

"मग झालं. एवढी मेहनत केलीय तू, नाव कोण खाईल? माणसं इतकी वाईट नसतात गं."

एकतीस वर्षं लोकांची बोलणी ऐकलेली बाई हे म्हणतेय! मला तिचा राग आला. मग स्वतःचा. मग कुणाचाच नाही, नुसती दमले.

३० ऑगस्ट

एजंटबाईंचं कार्ड. सुटका झाली का? नाही, असं लिहून पाठवलं.

१८ सप्टेंबर

ताईनं कपाटातला वरचा कप्पा रिकामा केलाय. पुस्तक आलं की तिथे ठेवायचं म्हणे, दर्शनी. मीही पुसून घेतला. नाव घालतीलच माझं. का नाही घालणार? त्यांना काय फरक पडतो?

३ ऑक्टोबर, मंगळवार

आज अत्तरवाल्यांचं नवं काम टेबलावर आलं. "थांबा, जोडून देते." लेखक कुणी एक कारखानदार. मनोगतात लिहिलंय, ही माझ्या आईची कहाणी.

वर चिठ्ठी टाचलेली: "लेखकाच्या नावात चूक नको. दोनदा तपासा."

दोनदा तपासलं. चूक नाही.