कुठेही लागणारा प्लग

३ जून १९८५, सोम.
कुसुमकडे तिच्या महिला मंडळाची मीटिंग. साडेतीन तास, त्यातला एक सामोशांचा. फिरती लसीकरण गाडी जुलैत निघणार. टपावर उतरवता येणाऱ्या सोलरच्या चार काचा, आत ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणि त्यांवर चालणारा लशींचा फ्रिज. गाडी सावलीत, काचा उन्हात ठेवायच्या, म्हणून मध्ये लांब वायर. तिच्या टोकाला कोणती जोडणी लावायची, हे विचारायला मला बोलावलं. तीस वर्षं मुलींना फिजिक्स शिकवलं, म्हणून. सांगितलं. कोणी लिहून घेतलं नाही.

ड्रायव्हर बोंडे हेच वायरमन. त्यांनी घरगुती दोन पिनांचे प्लग आधीच आणून ठेवलेले. "हे बर्डीत भेटते, काटोलात भेटते, कोनत्याही दुकानात भेटते जी बाई."
नेमकी तीच तर भीती.

७ जून
गाडी पाहिली. पांढरीशुभ्र, नवरीसारखी. दाराच्या अगदी बाजूला सॉकेट. प्लग सुलटाही बसतो, उलटाही. बोंड्यांनी एका पिनेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. कुणाचं, विचारलं. "घरच्याईचं." म्हणजे बायकोचं.

बॅटरीची एक तार गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली. सगळ्याच गाड्यांत असते, त्यात चूक नाही. पण घरातल्या बोर्डाची वीज कोणी या सॉकेटमध्ये सोडली, तर अख्ख्या पत्र्यात करंट येऊ शकतो. रबरी टायरांवर उभी गाडी, करंट जमिनीत जाणार नाही, फ्यूजही उडणार नाही. नुसती पाहून कुणाला कळणार?
बोंडे म्हणाले, "पन असं कोन करते जी?"
कोणीही. जो प्लग कुठेही बसतो, तो कुठेही बसवतील.

११ जून
कामठीला जाऊन आले. लष्करी भंगारवाल्याकडे पितळी जोड मिळाले. मुठीएवढे, आत खाच, एकाच बाजूने बसतात आणि वरून कडी पिळून घट्ट. घराच्या बोर्डात शिरणं अशक्य. ऊन बेचाळीसच्या पुढे, डोक्यावर ओला टॉवेल. भंगारवाला म्हणाला, "माताजी, तोप चलाना है क्या?" म्हटलं, कमिटी चलाना है, तोफेपेक्षा कठीण.

१५ जून, शनि.
आज जे केलं ते नीट लिहून ठेवते.
नुसत्या बोलण्याने कळत नाही म्हणून प्रयोग करून दाखवायचा ठरवला. कुसुमच्या पोर्चमध्ये सगळ्या जमलेल्या. नर्स कमलही होती. कमल माझी विद्यार्थिनी, आता गाडीबरोबर तीच जाणार. मी कुसुमच्या घरातली लांब वायर आणली, बटण बंद ठेवून तिचं एक टोक भिंतीच्या बोर्डात लावलं, दुसरं गाडीच्या सॉकेटमध्ये. सर्रकन बसलं. म्हटलं, बघा. हे इतकं सोपं आहे.

एकदम टाळ्या.
कुसुम म्हणाली, "अगं विमल, हे आधी का नाही सांगितलंस? म्हणजे गावात कुणाच्याही घरून लाइन घेता येईल!" मी ओरडून सांगितलं की घेता येऊ नये, हेच तर सांगतेय. "हो, हो, काळजी घ्यायचीच," म्हणाली, आणि प्लगचा ठराव एकमताने. माझं मत धरून एकमत कसं झालं, हे तिलाच माहीत. शाळेत माझ्या शेजारी बसायची, माझंच जर्नल उतरवायची. तेव्हाही आकृतीच उतरवायची, खालचा मजकूर नाही.
पितळी जोड पिशवीतून काढलेसुद्धा नाहीत.

६ जुलै
उद्घाटन. नारळ, हार, फोटो. कुसुमच्या भाषणात वाक्य होतं: "ऊन नसलं तरी अडायचं नाही, गावातल्या कोणत्याही घरातून आपली गाडी वीज घेऊ शकते." पत्रकातही छापलंय.
माझ्या प्रयोगाचं निरीक्षण आणि अनुमान, छापील.

१९ जुलै, शुक्र.
नऊ दिवस ऊन नाही.
दुपारी कमल आली. चहा घेतला, कप स्वतः विसळला, तरी जाईना. मग म्हणाली, "टीचर, एक सांगू? रागवाल नाही ना?"
काटोलकडच्या दौऱ्यातही आभाळच. बॅटऱ्या उतरल्या, फ्रिज बंद पडायला आला. बोंड्यांनी एका घरातून लाइन घेतली, मध्ये चार मोठे बल्ब आणि आणखी काहीतरी बारकं (डायोड असणार) जोडलं. बॅटरीच्या दुकानात असंच चार्ज करतात म्हणे.
"अन् चाललं टीचर! मस्त चालून राहिला फ्रिज. दोनदा केलं आम्ही."

बल्बमुळे बॅटरी फुटत नाही, फ्यूज उडत नाही. सगळं सुरळीत. घराच्या बोर्डात प्लग एका बाजूने बसला तर पत्र्याला काहीच नाही. फिरून बसला तर पत्रा थेट घराच्या विजेवर. आणि ठिपका? तो काचांच्या वायरीवर आहे, लोकांच्या घरच्या वायरीवर नाही.
विचारलं, दाराला हात लागला का कुणाचा?
"मलेच लागला. जराशा मुंग्या आल्या. एकदाच. चप्पल होती ना पायात."

लस घ्यायला येणाऱ्या बायांच्या पायांत चप्पल असते का? काखेत मूल, पायांखाली चिखल, चढताना धरायला लोखंडी दांडा.
मी बोलले. फार बोलले. पोरगी खाली मान घालून ऐकत होती, मग एकदम म्हणाली, "तं काय करू? गरम झालेली लस लेकराईले देऊ? का बायाईले वापस पाठवू, सात कोस चालून आलेल्या? अन् तुमीच तं दाखवलं होतं ना, असं लागते म्हणून."

मी तिने विसळलेला कप पुन्हा विसळला.
जाताना म्हणाली, "कुसुमताईले माझं नाव नका सांगू. नोकरी जाईन."

२० जुलै
कुसुमकडे गेले. नाव न घेता सगळं सांगितलं. "कोण म्हणालं?" सांगणार नाही. "मग मी काय करू? नाव नाही, तक्रार नाही. आणि विमल, गाडी चालतेय गं. एकही लस वाया नाही." घरची वीज पत्र्यापासून अलग ठेवणारा खरा चार्जर मागव म्हटलं. मागवलाय म्हणे. कधी येणार? येईल.
परत येताना रिक्षात लक्षात आलं, कमलचं नाव सांगितलं असतं तर गाडी थांबली असती. तिची नोकरी गेली असती. एवढाच सौदा होता, आणि मी सभ्यपणा निवडला.

२४ जुलै
बोंड्यांना गाठलं. पितळी जोड समोर ठेवले. हातात घेऊन फिरवले, कडी पिळून पाहिली. आवडले, हे चेहऱ्यावर दिसलं.
"चीज पक्की आहे बाई. पन हे लावल्यावर घरची लाइन घेता येनार नाही."
म्हणूनच लावायचे.
"अन् आभाळ आलं तं?"
सावनेरहून बर्फ न्या, म्हटलं. पेटीत.
"बर्फानं जमलं असतं तं काचा काहूनले लावल्या?"
हसले. माणूस वाईट नाही. हुशार आहे, मदतीला तत्पर आहे. अशाच माणसाची मला धास्ती वाटते. आळशी असता तर फ्रिज बंद पडू दिला असता.

दांड्याला तरी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, मी म्हटलं. "करून टाकू जी." फारच पटकन हो म्हणाले.

१ ऑगस्ट, गुरु.
गाडी आज सकाळी गेली. सावनेरच्या पलीकडे, सहा दिवसांचा दौरा. मी पोचेपर्यंत फाटकात नुसत्या टायरांच्या खुणा. पितळी जोड कुसुमच्या पोर्चमध्ये खुर्चीवर, मी बोंड्यांना दिले त्याच पिशवीत.
ट्यूब गुंडाळली का, कुसुमला माहीत नाही.

३ ऑगस्ट
पाऊस. कपडे वाळत नाहीत.

४ ऑगस्ट
पाऊस. मोलकरीण विचारते, "बाई, घडीघडी आभाळाकडं काय पाहून राहिल्या?"
आज काही शिजवलं नाही.

५ ऑगस्ट, सोम.
कुसुमच्या दिवाणखान्यात बसून लिहितेय. सकाळी आठलाच आले. आज गाडी ज्या गावात आहे, तिथे ग्रामपंचायतीत फोन आहे. ट्रंक कॉल बुक केला. कुसुम आधी चिडली, मग चहा आणला.
बाराला लागला. शाळेतले गुरुजी बोलत होते. गाडी शाळेच्या पटांगणातच उभी आहे, पन्नासेक बाया, बारीक पाऊस.
फ्रिज?
"फस्क्लास चालू आहे!"
चार दिवस ऊन नाही.
लाइन कुठून घेतली, विचारलं. "शाळेतूनच दिली जी. आमी कशाले नाही म्हनू?"
मी म्हटलं, प्लग काढा. आत्ता. तुम्ही स्वतः जा आणि बटण बंद करा.
"काय?"
प्लग. प्लग काढा.
"हो, हो, काढला होता ना! ढिला होऊन राहिला होता. बोंडेभाऊनं काढला अन् फिरवून पक्का बसवला. आत्ताच. काही काळजी नका करू बाई..."
मी ओरडत होते. तिकडून हॅलो, हॅलो. मग खरखर. मग काही नाही.

पुन्हा बुक केला. तातडीचा. एक्सचेंजवाली म्हणते, लाइन लागली की देते.
कुसुमने विचारलं, "फिरवून म्हणजे?" सांगितलं: सकाळपासून सुलटा असेल तर आता उलटा, म्हणजे पत्र्यात वीज. तिने माझ्या हातातली वही पाहिली आणि उठली. बाहेर जाऊन शेजाऱ्यांची मोटार मागतेय. सावनेरच्या पुढे पोचायला दोन तास तरी.
सव्वाबारा. लसीकरण एकपर्यंत असतं.