दुसऱ्या सरीपासूनचा कल

॥ श्री ॥
२ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.
ह्यांचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मामंजींचा जुना ट्रॅक्टर सध्या मीच चालवते. धाकट्या भाऊजींनी तो भंगारवाल्याला देऊ केलाय. चौदा तारखेला ट्रक येईल. मी म्हटलं, त्या दिवशी मागचं शेत सरळ नांगरून दाखवलं तर विकायचा नाही. हसले, पण हो म्हणाले.

तू शिकवलंस तसा नांगर आधी डावीकडे जोडला, मग उजवीकडे, वरचा दांडा शेवटी. अंगणात नांगरावर पाण्याची वाटी ठेवून पातळी बघितली, थेंब सांडला नाही. पहिली सरी सुरेख निघाली. दुसरीपासून मात्र नांगर उजवीकडे कलतो. पुढचा फाळ रुततो, मागचा नुसती माती खाजवतो. देवाला साकडं घातलंय, पण काय फिरवायचं ते तूच कळव.
माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी छोटी

८ जून
चि. छोटीस अनेक आशीर्वाद.
नांगरावर वाटी ठेवणारी बाई उभ्या जन्मात पाहिली नाही, असं तुझी वहिनी म्हणते. अगं वेडे, अंगण सपाट! शेतात पहिल्या सरीनंतर उजवी चाकं सरीत उतरतात, डावी वरच राहतात. सरी जितकी खोल, तितक्या उंचीच्या फळ्या अंगणातच डाव्या चाकांखाली घाल. मग खुशाल वाटी ठेव आणि पाणी पातळीत येईपर्यंत उजव्या दांड्याचं हँडल फिरव.
भाऊजींना जपून हरव. आमच्यावर लोभ ठेव.
दादा

॥ श्री ॥
१५ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.
मोडक्या पलंगाच्या फळ्या दहा वर्षं जपल्या म्हणून घरात सगळे मला हसायचे. त्याच रचल्या, बरोब्बर आठ इंच! हँडल साडेचार फेरे फिरलं, तेव्हा कुठे वाटी स्थिर झाली.

काल देवाचं नाव घेऊन ट्रॅक्टरवर बसले. सव्वीस सऱ्या काढल्या, दादा! भंगारवाला बांधावर उभा. भाऊजींना पटेना; सरीत उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. वाकडेपणा काही सापडला नाही. शेवटी भंगारवालाच म्हणाला की आता दोरी गुंडाळा साहेब, मला उशीर होतोय. भाऊजींनी ट्रक रिकामा परत पाठवला.

मग हळूच विचारलं, वहिनी, मला शिकवाल का? मी उद्या सहाला या म्हटलं. आज साडेपाचलाच हजर, आणि आल्याआल्या नांगर उजवीकडून जोडायला घेतला. सगळा सोडून पुन्हा जोडायला लावलाय.
वहिनीला नमस्कार. तुम्हा दोघांची माया अशीच राहो.
तुझी छोटी