शनिवारची देवी

रेवदंडा, चैत्रअखेर १९६४

प्रिय कमळ,

तुझं पत्र पोचलं. ठमी अजून पायावर उभी राहत नाही, मुंबईच्या डॉक्टरांनीही हात टेकले, हे वाचून जीव तुटला. देवी आता दर शनिवारी बाबांच्या अंगात येते असं तू ऐकलंस, आणि येत्या शनिवारी लेकीला आणून कौल घेणार म्हणतेस.

खाडीकाठचा फिरंगी महाल तुला ओळखू यायचा नाही. शेठनं विकला, त्याचं मोठं हॉटेल झालं. छतावरची पंखवाली गुबगुबीत पोरं आठवतात? नागडी म्हणून तू हसायचीस. त्यांना आता सोनेरी रंग दिलाय. कपडे मात्र अजून नाहीत. चैत्रात आपली पालखी पाण्याकडच्या पायऱ्यांनी चढून तिथल्या ओसरीवर बसायची. बाबा घुमायचे ते वर्षातून तेवढ्याच वेळी. तुझ्या लग्नाचा कौलही तिथलाच.

हॉटेलचा मॅनेजर मोठा गोडबोल्या. पाहुण्यांना आवडेल, पालखी दर शनिवारी आणा म्हणाला. गावकीनं मान डोलावली. देवीलाही जरा हवा खाऊ दे, अशी थट्टा मीच केली होती, जळो माझी जीभ. पहिल्या शनिवारी तिथं घुमून आल्यावर बाबा लाजेनं घरात तोंड लपवून बसले. मग सवय झाली. मॅनेजरनं हात वर केला की घुमतात, पाहुण्यांचा चहा संपला की थांबतात. पूर्वी अंगातली देवी गेली की दोन दिवस त्यांना घास धरवत नसे. आता घरी येऊन पोटभर जेवतात.

यंदा चैत्राची खरी पालखी निघाली. ढोल वाजवून वाजवून भागोजीचे हात सोलले. बाबा उभेच. शेवटी म्हणाले, "न्हाय येत. मी काय करू?" सोनाबाई आजारी नातवाला घेऊन कौल घ्यायला आली होती, ती रडत घरी गेली. कुणी बाबांना बोल लावला नाही. पुढच्या शनिवारी ते पुन्हा हॉटेलात घुमले.

काल त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते घडी करून कोनाड्यात ठेवलं. मग म्हणाले, "येऊ दे पोरीला. ठमी चालंल, असं सांगीन मी." कमळ, ते सांगतील गं. मॅनेजरच्या पाहुण्यांसमोर घुमतात तसेच घुमतील, तोच आवाज काढतील. आणि तू बापाच्या तोंडचं खरं मानून रोज सकाळी त्या पोरीला उभं करायला बघशील. म्हणून हे लिहिते. शनिवारी येऊ नकोस.

तुझीच अभागी,
आई