जमिनीवरून दिसणारं घर

आई, गेल्या रविवारी मी तुझं बोलणं माझं म्हणून खपवलं. इथे शिरगावात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही जण महिन्यातून एकदा जुना, नावाजलेला सिनेमा बघतो आणि मग त्यावर गप्पा मारतो. या वेळी तुझा तो जपानी दिग्दर्शक होता. सिनेमाही तोच, काळा-पांढरा. मुलगी सासरी गेल्यावर तिची विधवा आई खोलीत बसून तिच्या कपड्यांच्या घड्या घालते, तो. मी म्हणाले, "यांचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसासारखा बघतो. म्हणून आपण त्या घरात चोरून डोकावत नाही, येऊन बसतो." शेजारच्या बाईंनी विचारलं, "किती छान! कुठे वाचलंत?" मी नुसती हसले.

मी तेव्हा कॉलेजात होते, आपण कॅम्प एकच्या वस्तीत राहायचो. तू जीन्सच्या कारखान्यात सतरंजीवर बसून शिवलेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापायचीस. आमच्या सरांनी अंबरनाथच्या फिल्म सोसायटीचे दोन पास दिले होते, आणि मैत्रीण ऐन वेळी आजारी पडली म्हणून मी तुला नेलं. खरं कारण तेवढंच होतं. तू लिंबू चोळून चोळून हात धुतलेस, तरी बोटांचा निळा रंग काही गेला नाही. तुला झोप लागेल याचीच मला धास्ती होती.

सिनेमा सुरू होतो. पडद्यावर बराच वेळ रिकामी खोली, लोक चुळबुळ करतायत, आणि तू मात्र खुर्चीच्या कडेवर येऊन बसली आहेस. ती बाई मुलीचा एक सदरा घडी करते, उलगडते, पुन्हा घडी करते. तू माझा हात धरतेस. कधीतरी त्या बाईच्या जागी मी असेन आणि घड्या तुझ्या साड्यांच्या असतील, असा विचारही माझ्या मनात येत नाही. मी फक्त तुझी निळी बोटं कुणाला दिसू नयेत म्हणून त्यांवर ओढणी टाकते.

नंतर चर्चा सुरू झाली. दाढीवाल्या एका गृहस्थांनी दिग्दर्शकाच्या शैलीबद्दल कुणाला बोलायचंय का असं विचारलं, आणि तू उभी राहिलीस. "त्यांनी कॅमेरा खाली बसवलाय. आम्ही कारखान्यात खाली बसतो ना, तिथनं उभं माणूस कसं अंगावर आल्यासारखं दिसतं. पण ह्यांच्या घरात सगळेच खाली बसतात, म्हणून कोण कुणाकडे वरून बघत नाय. आपणपण त्यांच्यातच बसल्यासारखं…" मी तुझा पदर ओढला. "आई, बस ना खाली. लोक बघतायत."

तू वाक्य अर्ध्यावर सोडून बसलीस. ते गृहस्थ म्हणाले, "बोला ना ताई, फार महत्त्वाचं बोलताय." तू म्हणालीस, "नाही, झालं माझं."

रिक्षात तू विचारलंस, "मी काय चुकीचं बोलले का गं?"

"चुकीचं नाही. पण तिथे असं बोलत नाहीत."

पुढे त्या दिग्दर्शकावर मी पुस्तकं वाचली. तू उभ्या उभ्या सांगितलंस ते एकाने दहा पानं खर्चून लिहिलं होतं. घरी येऊन तुला सांगावं असं फार वाटलं, पण सांगायचं तर आधी त्या ओढलेल्या पदराची आठवण करून द्यावी लागली असती. नाही सांगितलं. आता तू नसताना कुठलाही मोठा सिनेमा बघताना मी थांबते आणि वाटतं, इथे तुला काय दिसलं असतं? मला जे दिसतं ते वाचलेलं असतं. तुझं तसं नव्हतं.

त्या सिनेमानंतर वर्षभराने भाकरी थापताना तू अगदी सहज म्हणालीस, "त्या जपानी माणसाचा दुसरा लावणारेत ना? मी गप बसेन. मला नुसतं बघायचंय." मी म्हणाले, पास संपले.

संपले नव्हते, आई. दोन होते. मी एकटी गेले, आणि शेजारच्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून तिच्यावर माझी पिशवी ठेवली.