चिंधूचा मुक्काम हलणार नाही

तीर्थस्वरूप वन्सं,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? भावोजींनी साखर खरंच सोडली, की सोडली असं नुसतं सांगत फिरतात? इकडे आम्ही चौघंही खुशाल आहोत. (तुम्ही मोजलंत तर तीनच भरतील, ठाऊक आहे मला. भांडण त्या चौथ्यावरूनच तर आहे.)

तुमचा निरोप पोचला. ते कुत्रं घरात असेपर्यंत तुम्ही माहेरी पाऊल टाकणार नाही, त्याच्या केसांनी बाबांची छाती भरेल, वगैरे. वन्सं, तुम्ही मोठ्या. तुमचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही. पडदेसुद्धा तुमच्या पसंतीच्या रंगाचे लावले आणि रोज सकाळी डोळे मिटून ते उघडते. पण या एका बाबतीत मी हटायची नाही. चिंधू इथेच राहील, आणि तुम्हीही याल. दोन्ही एकदम कसं जमायचं ते मला अजून सुचलेलं नाही, पण निश्चय झालेला आहे. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण फोन असतो बाबांच्या उशाशी.

चिंधू आला कसा ते आधी ऐका, कारण तुमच्या भावाने ‘आला असाच’ एवढंच सांगितलं असणार. (स्वतःचं लग्न कसं झालं असं विचारलंत तरी तो हेच सांगेल.) खाली दुकानात कातरणाचं पोतं उचलायला गेले, तर पोतं शिंकलं! मी किंचाळले, तुमचा भाऊ मशीनवरून उठला, आणि आतून अंगभर दोरे चिकटलेलं एक तांबूस पिल्लू बाहेर आलं. तेव्हापासून तो चिंधू. दोन दिवस ठेवू आणि कुणाला तरी देऊन टाकू, असं आम्ही अगदी गंभीरपणे ठरवलं होतं.

आता बाबांचं सांगते. सासूबाई गेल्यापासून बाबा जिना उतरले नव्हते, ते तुम्ही डोळ्यांनी पाहून गेलात. सगळा जन्म कोट बेतण्यात गेलेला माणूस, पण दिवसभर खिडकीशी बसायचे आणि दोनच शब्द बोलायचे, ‘हं’ आणि ‘नको’. त्यांची मापाची टेप खुंटीला लटकलेली. ती आपण काढली तर त्यांना काय वाटेल म्हणून आम्ही तिच्यावरची धूळसुद्धा झटकली नाही. आणि या गाढवाने (कुत्र्याला गाढव म्हणतेय, समजून घ्या) वर जाऊन नेमकी तीच खेचली आणि तोंडात धरून जिन्यावरून खाली धूम ठोकली. मागोमाग बाबा! अनवाणी, लेंग्याची नाडी लोंबतेय, आणि असा आवाज काढलाय की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. टेप सोडवून घेतली, दम खाल्ला आणि टेबलाकडे बघून तुमच्या भावाला म्हणाले, “अरे, कापड बेततोयस की भाजी चिरतोयस?” वन्सं, बिचाऱ्याला इतकं बरं वाटलं की तो रडायलाच लागला. दुसऱ्या दिवसापासून बाबा खाली येऊन बेतायला लागले. टेप त्यांच्या गळ्यात आणि चिंधू पायांत.

तुमचा निरोप आम्ही मानला नाही असं मात्र समजू नका. निरोप आला त्याच दिवशी सकाळी चिंधूला कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांकडे देऊन आले. बाबा उठून वर गेले. टेप खुंटीला लावली आणि खिडकीशी बसले. दुपारी चहा नेला तर म्हणाले, “नको.” तो एक शब्द मला पुरला. तशीच चपला घालून बेकरीत गेले, तर चिंधू गल्ल्याशेजारी स्टुलावर बसलेला, आणि बेकरीवाले त्याला परत द्यायला तयारच होईनात! “वहिनी, दिलेली वस्तू कुणी परत मागतं का?” मी सांगितलं, “दिला कुठे होता? ट्रायलला पाठवला होता. आमच्या धंद्यात ट्रायलला गेलेला कपडा दुकानात परत येतो.” गिऱ्हाईकं हसायला लागली, ते वरमले, आणि मी गठ्ठा काखेत मारून घरी. (जाताना त्यांनी त्याला बिस्किटांचा पुडा दिला. मला आजवर एक टोस्ट जास्त दिलेला नाही.)

त्याचे गुणच तेवढे सांगते असं वाटायला नको म्हणून वकीलसाहेबांच्या कोटाचंही सांगून टाकते. टेबलावर काळं कापड पसरलं होतं आणि चिंधू त्याच्यावर गाढ झोपलेला. बाबांच्या हातात कात्री. त्याला उठवायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी कुत्र्याच्या कडेकडेने कापलं! तुमचे बाबा, वन्सं, ज्यांनी एका सुतासाठी तुमच्या भावाच्या पाठीत धपाटे घातले आहेत. कोटाच्या डाव्या पुढच्या भागाला बगलेखाली हा एवढा खड्डा. वकीलसाहेब आले, आम्ही हात जोडले, बाबांनी खरं कारण सांगितलं. वकीलसाहेब खाली वाकून चिंधूला न्याहाळत म्हणाले, “आरोपी झोपेत होता, सोडून द्या.” बाबांनी बगलेत जोड घातला, तो आता शोधूनही सापडत नाही. कोट केव्हाच तयार झाला, पण वकीलसाहेब अजून रोज ट्रायलला येतात. ट्रायल कशाची ते त्यांनाच माहीत.

तर असं आहे. मी हटणार नाही. भावोजींना नमस्कार.

तुमचीच,
हट्टी भावजय

ता. क. छातीचं म्हणाल, तर जिना चढ-उतार करून बाबांचा खोकला कमी झालाय, असं डॉक्टरच म्हणाले. कुत्र्याच्या केसांचा त्रास घरात एकाच माणसाला होतो, तो मला. सकाळपासून शिंकते, डोळे गळतात, नाकाचा टोमॅटो झालाय. बाबांना मी सांगितलंय की नवीन कापडाची खळ सोसत नाही. तुम्हीही हेच सांगा. वरचा डाग शिंकेचा आहे, भलतंसलतं समजू नका.

आणखी एक. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. तुम्ही येणार नाही म्हणालात, ते काल बाबांच्या कानावर गेलं. मला न विचारता त्यांनी चिंधूची थाळी घासली, पुसली आणि फडताळात वर ठेवून दिली. म्हणाले, “लेकीपुढे कुत्रं मोठं नाही.” आणि टेप परत खुंटीला. वन्सं, मी बेकरीवाल्याशी भांडेन, तुमच्याशीही भांडेन, पण बाबांशी कशी भांडू? तुमच्याखातर ते त्याला देऊन टाकतील आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसतील. थाळी मी खाली काढली आहे, पण ती मी काढून काय उपयोग? रविवारी तुमचा फोन येईल तेव्हा तब्येत, औषध, हवापाणी काही विचारू नका. एवढंच विचारा, “बाबा, चिंधू जेवला का?”