खेळलेलेच पत्ते

२१ सप्टेंबर, रविवार

पुन्हा रिकाम्या हाताने! शितेन्नोजीच्या देवळाचा बाजार सकाळी सातपासून पालथा घातला. बाबा एक्याऐंशीचे, मी सेहेचाळीसची, आणि पाय दुखले माझे!

आम्हाला बघितल्याबरोबर निशिगोरीसान नेहमीसारखे ओरडले, "आले सासरा-सून! चांगला माल लपवा!" जुन्या खेळण्यांचं दुकान चालवतात, पण जीभ मासळीबाजारातली.

शिंकाई काही मिळाला नाही. तीस खेळाडूंचा संच, बाबांच्या लहानपणी निघालेला. मेन्को — जाड पुठ्ठ्याचे गोल पत्ते, पुढे बेसबॉलवाल्याचं रंगीत चित्र, मागे दगड-कात्री-कागद. एकोणतीस जमवायला अकरा वर्षं लागली. राहिलाय तो एकटा शिंकाई — चेंडू झेलणारा, तोंडावर जाळी, त्यामुळे चेहराही धड दिसत नाही. तरी नखरे बघा!

एकाने काढून दाखवलाही. कोरा करकरीत, जसा छापला तसा. लोक अशासाठी भांडतात. बाबांनी उलटून बघितला, नाकाशी नेला आणि परत दिला. "मेणाचा वास नाही. हा कोणी खेळलेलाच नाही."

त्यांना खेळलेलेच हवेत. मेणबत्ती घासून जड केलेले, कडा मुरगळलेल्या, मागे पेन्सिलीने कुणा पोराचं नाव. आमच्याकडच्या एकोणतिसांवर सतरा नावं आहेत. माझी सगळी पाठ आहेत.

२२ सप्टेंबर, सोमवार

नाओफुमीचा फोन. फुकुओकाला बदली होऊन तीन वर्षं झाली. तिथे कुणीतरी आहे हे मला ठाऊक होतंच. आज त्याने तोंडाने सांगितलं, एवढंच.

"सुमिए, आपण घटस्फोटाचे कागद करून टाकू या का?" आवाज इतका मऊ की त्याचीच कीव आली. बरं म्हटलं. फोन ठेवला. भांडी घासली.

रडू आलं ते नंतर, आणि नवऱ्यासाठी नाही. एकदम डोक्यात आलं — रविवारांचं काय? नवरा गेला की त्याचे वडील माझे कोण?

५ ऑक्टोबर, रविवार

बाबांकडे गेले. फोनचं सांगितलं नाही.

बाबांनी पर्सिमॉन कापून ठेवले होते, साल जाड काढून. (लेथवर चाळीस वर्षं काढली, पण सुरी हातात आली की माणूस अडाणी!) मग ओसरीच्या फळ्यांवर आमचा डाव. आपला पत्ता जमिनीवर आपटायचा, वाऱ्याने समोरच्याचा उलटला पाहिजे. उलटला की जिंकला.

"खऱ्याचा की खोट्याचा?" बाबा दर वेळी विचारतात. खऱ्याच्या डावात जिंकलेला पत्ता कायमचा. खोट्याच्यात खेळ संपला की ज्याचा त्याला. अकरा वर्षांत आम्ही एकदाही खऱ्याचा खेळलो नाही.

"खोट्याचा," मी म्हटलं. सात-शून्य हरले. "शाळेच्या स्वयंपाकघरात एवढी मोठी पातेली उचलतेस आणि पुठ्ठा उलटत नाही?" असं वर ऐकून घेतलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज सांगावंच लागलं. अर्जावर दोन साक्षीदार लागतात. एक माझी मैत्रीण. दुसऱ्यासाठी नाओफुमीने वडिलांचं नाव सुचवलं — स्वतः यायची हिंमत नाही, कागद पाठवला पोस्टाने!

मी कागद पुढे ठेवला. बाबांनी चष्मा लावला. सगळा वाचला, अगदी खालच्या बारीक सूचनांसकट. मला वाटलं चिडतील, पोराला शिव्या घालतील. निदान "थांब जरा" तरी म्हणतील.

काही नाही. सही केली. मिनोजिमा तोकुइची. एकेक अक्षर कोरून. मग उठून चहा ठेवला.

इतक्या सहज? घरी येईपर्यंत हाच एक प्रश्न. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. लिहून टाकते, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कचेरीत अर्ज दिला. खिडकीतल्या मुलीने तारीख तपासली, "झालं" म्हणाली. मी पुन्हा माहेरची उदागावा सुमिए. स्वयंपाकघरात ॲप्रनवरचं नाव बदलावं लागेल.

२ नोव्हेंबर, रविवार

गेले नाही. कोणत्या नात्याने जाऊ?

कपाट आवरलं. दुपारी काहीच उरलं नाही करायला. निशिगोरीसानांचा फोन — "म्हातारा एकटाच येऊन बसलाय दुकानात. काही घेत नाही, गिऱ्हाइकांना पळवतो. तुमचा माल तुम्ही घेऊन जा!" मी हसले आणि बरं नाही म्हणून सांगितलं. खोटं.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी स्वतः फोन केला. ते फोनला हात लावत नाहीत! "ये. डाव मांडलाय."

ओसरीवर पेटी उघडी. मी बसायच्या आत म्हणाले, "आज खऱ्याचा."

"बाबा, तुम्ही मला नागवाल."

"बघू."

पहिला पत्ता मी उलटला. दुसरा. पाचवा. माझा मलाच विश्वास बसेना. मग लक्षात आलं. पत्ता मुरगळलेला असला की कडा खाली करून ठेवायचा, म्हणजे वारा आत शिरत नाही — पहिल्याच रविवारी त्यांनी मला हे शिकवलं होतं. आज स्वतः प्रत्येक पत्ता कडा वर करून मांडत होते. आणि त्यांचे फटके! उशीवर टपली मारावी तसे.

"मुद्दाम हरताय."

"म्हातारा झालो."

एकोणतीसच्या एकोणतीस माझ्याकडे आले. मी उठायला लागले तर खिशातून एक काढून फळीवर ठेवला. तोंडावर जाळी. शिंकाई! मेणाने काळा पडलेला, मागे पेन्सिलीत "किसाबुरो, चौथी ब".

"हा कुठून?"

"निशिगोरीकडून. सात वर्षं झाली."

सात वर्षं! सात वर्षं बाजार पालथे घातले, पावसात, उन्हात, माझ्या गुडघ्यांचं खोबरं झालं! त्याचसाठी तो कोरा नाकाला लावून परत केला होता. आणि निशिगोरीसुद्धा सामील!

"संच पुरा झाला असता, तर तू रविवारी कशाला आली असतीस?" खाली बघत म्हणाले. "आपट."

मी आपटला. उलटला. पेटी बंद करून त्यांनी माझ्याकडे सरकवली. "तुझे. खऱ्याचा डाव होता."

मला सगळं कळलं. शिंकाई बाहेर काढला म्हणजे शोध संपला. शोध संपला म्हणजे रविवार संपले. देऊन टाकून मोकळे झाले. सभ्य माणूस, निरोपही सभ्यपणे देतो. मी पेटी तिथेच टाकली, "मला दया नको" म्हणाले आणि चपला अर्धवट घालून निघाले. मागून हाक आली. थांबले नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

भात करपवला. तीनशे पोरांचा!

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दार वाजलं. बाबा. बगलेत पेटी, डोक्यावर टोपी, नवा शर्ट. दोन गाड्या बदलून आलेले. अकरा वर्षांत माझ्या दारात पहिल्यांदा.

"जिंकलेलं टाकून जातात का?" म्हणाले. "आणि खालचा कागद बघ. त्या दिवशी बघितलाच नाहीस."

पत्त्यांच्या खाली घडी घातलेला अर्ज. मला वाटलं घटस्फोटाचीच राहिलेली काही भानगड. वाचला. परत वाचला. दत्तकाचा अर्ज. (मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं, हे नुसतं ऐकून होते.) दत्तक घेणारा — मिनोजिमा तोकुइची. साक्षीदार — निशिगोरी आणि त्यांची बायको. तारीख सात नोव्हेंबरची, डावाच्या दोन दिवस आधीची.

"तो पहिला कागद झाल्याशिवाय हा भरता येत नव्हता," बाबा म्हणाले. "म्हणून सही लवकर केली. सून नाओफुमीने आणली होती. मुलगी माझी मी बघून आणतोय."

मी उंबऱ्यातच बसले. भोकाड पसरून रडले, शेजारीण बाहेर येईपर्यंत. बाबा टोपी हातात घेऊन नुसते उभे.

सही करताना सुचलं — "बाबा, म्हणजे नाओफुमी आता माझा भाऊ! त्याला कोण सांगणार?"

"तू सांग," म्हणाले. "दोन वर्षांनी मोठी आहेस."